भंगार लाकडाचे पाइप टॅम्पर, आठ महिने वापरून झाले: पाचातले दोन उरले

दिवाळीच्या सुट्टीत बसून पाच टॅम्पर केले होते, तेव्हा फोटो टाकून भाव खाल्ला, आता आठ महिन्यांनी खरं काय ते सांगतो.

पुण्यात पाइप ओढणारे किती उरलेत देव जाणे म्हणून आधी दोन ओळी. तंबाखू पहिल्यांदा पेटवला की फुलून वर येतो, तो हलका दाबून परत काडी लावायची, आणि मग ओढता ओढता मधेमधे राख खाली बसवत राहायची, त्या दाबायच्या दांडीला टॅम्पर म्हणतात. आमच्या मामांनी हे काम आयुष्यभर मोठ्या खिळ्याच्या डोक्याने केलंय. मी ते चेक टूल वापरायचो, दाबणी, सुई आणि चमचा एकात असतं ते. चालतं ठीक, पण हातात घेतलं की नेलकटर धरल्यासारखं वाटतं.

लाकूड सगळं फुकटचं. शेजारच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम चालू होतं तिथून सागाचे तुकडे, एका गोडाऊनबाहेर पडलेल्या पॅलेटचं पाइन, गावाकडून आणलेली बाभळीची तुटकी दांडी, आणि शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा आजीच्या पलंगाचा एक पाय मी उचलून आणला होता तो शिसवाचा. लेथ नाहीये माझ्याकडे. ड्रिल मशीन टेबलाला शिकंज्याने आवळायचं, तुकड्याचं एक टोक बारीक करून चकमध्ये धरायचं आणि फिरत्या लाकडाला पॉलिश पेपर लावायचा, ८० नंबरपासून ४०० पर्यंत. मास्क लावाच, शिसवाच्या भुशाने मला दोन दिवस शिंका आणि मनगटाला खाज, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर ती पूड बसल्यावर घरात जे ऐकलं ते वेगळंच.

पहिला सागाचा केला तो मापातच चुकला. माझ्या पाइपच्या वाटीचं तोंड आतून १९ मिमी, मी तळ ठेवला १८, वाटलं सगळा तंबाखू एकदम बसेल. बसला की, एवढा बसला की ओढायला हवाच येईना, आणि वाटी खाली निमुळती होत जाते त्यामुळे अर्ध्यातच अडकायचा. आता १४ ठेवतो, कडा गोल. तो जाडा मामांना दिला, त्यांच्या पाइपचं तोंड मोठं आहे. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "छानच आहे रे, पण खिळा हरवला तर कोपऱ्यावर मिळतो."

पाइनचा तीन आठवडे टिकला. मऊ लाकूड, त्यात राळ, निखाऱ्याला लागला की कडा काळ्या पडून बारीक कपचे तंबाखूत, आणि चव म्हणजे होळीचा धूर. पॅलेट घेणारच असाल तर शिक्का बघा, एचटी म्हणजे नुसती उष्णता दिलेली, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते लाकूड घरात पण आणू नका.

सगळ्यात देखणा होता दुसरा सागाचा. चपड्याचं पॉलिश, पाच हात, आरशासारखा. आणि तोच सगळ्यात आधी बाद झाला, कारण मी शहाण्याने तळालाही पॉलिश मारलं. चपडा गरमीला मऊ पडतो, पहिल्याच दिवशी राख चिकटून तळाला गाठ झाली आणि जळका वास. तळ घासून काढला, पण घासताना हातच वाकडा गेला, मग तो ड्रॉवरमध्येच राहिला. तळाला काहीही लावू नका, मेणसुद्धा नाही, वर दांडीला काय ते लावा.

बाभळीच्या तळाला जुन्या बाजारात मिळालेलं पितळी बूट बसवलं, खुर्चीच्या पायाला असतं तसलं, इपॉक्सीने चिकटवून. वजन मस्त, हाताने दाबावं लागत नाही, नुसता टेकवला तरी राख बसते. एप्रिलच्या उन्हात लाकूड आटलं आणि एक दिवस बूट वाटीतच राहिलं, गरम, चिमट्याने काढलं. चूक माझीच, दांडी नीट वाळलेली नव्हती. मग आरपार भोक पाडून बोहरी आळीतून आणलेल्या पितळी तारेची पिन ठोकली, तेव्हापासून हललेलं नाही, पावसाळ्यात तर उलट घट्ट झालंय.

पण रोज हात जातो तो शिसवाच्या साध्या दांडीकडे. तळाला मधे राखाडी ठिपका आणि कडेने काळी रिंग, महिन्याला एकदा २२० च्या पेपरवर चार वेळा फिरवतो की खालून तोच चॉकलेटी रंग वर येतो. आठ महिन्यांत साधारण दोन मिमी झिजला असेल, दांडी आठ सेंटिमीटरची आहे, म्हणजे मी आधी संपेन. वर जिथे अंगठा बसतो तिथे पलंगाच्या नक्षीची अर्धी पाकळी मुद्दाम ठेवलीय, ती आता गुळगुळीत झालीय.

चिंचेचा एक तुकडा मिळालाय, पण तो कपाटावर ठेवून दिलाय, दिवाळीपर्यंत हात लावणार नाही, बाभळीने अक्कल शिकवलीय.