पार्कर यानाचं मॉडेल: कवच फक्कड, सांगाडा चुकलेला

भट्ट्यांना आतून अस्तर लावण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे सूर्याजवळ जाणाऱ्या 'पार्कर सोलर प्रोब' या नासाच्या यानाचा हा पुठ्ठ्याचा जोडणी-संच उघडला तेव्हा आधी उष्णता अडवणारं कवचच उचललं. दोन काळे पुठ्ठे, मध्ये स्पंज, सूर्याकडच्या अंगाला पांढरा लेप. खऱ्या कवचातही कार्बन-कार्बनच्या (कार्बनच्या धाग्यांनी मजबूत केलेल्या कार्बनच्या) दोन ताटांमध्ये कार्बनचा फेस आहे, आणि त्या फेसात ९७ टक्के नुसती पोकळी! व्यास २.४ मीटर, जाडी ११.४ सेंटिमीटर, वजन मात्र ७३ किलोच्या आसपास. मॉडेलच्या कवचाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला: व्यास १२ सेंटिमीटर, जाडी पावणेसहा मिलिमीटर. १:२० चं प्रमाण चोख पाळलंय. हलकी वीट उष्णता अडवते ती पोटातल्या पोकळीमुळे, हे आम्ही नव्या पोरांना तोंडी सांगायचो. इथे ते हाताला कळतं.

कवचाखाली मात्र बंद शंकू दिलाय आणि तो सगळ्या कडेने चिकटवायला सांगितलाय. हे मला अजिबात पटलं नाही. खऱ्या यानात तिथे टायटॅनियमचा उघडा सांगाडा आहे, कवचाला तो फक्त सहा जागी जोडलेला. जोड जितके कमी, तितकी उष्णता खाली कमी झिरपते. कवचाचं तोंड १,३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरी सावलीतली उपकरणं ३० अंशांच्या आसपास राहावीत असा हिशेब आहे. ती मोकळी जागाच बुजवायची? मी शंकू कापला आणि तारेचे सहा पाय बसवले. अर्धा तास गेला, पण मन निवलं.

सौर पंख टाचणीवर मागे मिटतात, हे छान. सूर्याजवळ खरे पंख असेच आत जातात आणि त्यांच्यातून पाणी खेळवून ते गार ठेवतात. कवचाआडून डोकावणाऱ्या इवल्या वाटीवर 'कॅमेरा' छापलंय, ते चूक. ती सौरवारा, म्हणजे सूर्यातून सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत, थेट मोजणारी फॅरडे वाटी आहे. कवचाची सावली तिच्या नशिबी नाही, म्हणून ती टायटॅनियम-झिर्कोनियम-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूची केली.

जोडून झाल्यावर खोलीत अंधार केला आणि वरून टेबललॅम्प धरला. सगळं यान सावलीत. मग बोटाने जरा कलवलं, तर पंखाची एक कड लख्ख उजळली. २४ डिसेंबर २०२४ ला हे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर होतं, पृथ्वीशी संपर्क नव्हता. म्हणजे असा तोल ढळलाच, तर सावलीच्या कडेला बसवलेल्या प्रकाश-संवेदकांवरून ते ओळखून त्याने स्वतःच सावरायचं होतं.

संच जरूर घ्या. सोबत धारदार कटर आणि थोडी तार ठेवा.