पोलादी कॅरिअर आणि चार पिशव्या : आठ महिन्यांच्या डोंगरवाटांनंतर

१० मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचं मागचं कॅरिअर, पुढच्या चाकाला खालच्या बाजूस बसणारं छोटं कॅरिअर आणि त्यांवर चार रोल-टॉप, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या पिशव्या: मागच्या दोन प्रत्येकी २० लिटरच्या, पुढच्या साडेबारा लिटरच्या. अशा चार सायकली, आठ महिने, बहुतेक रस्ते खडीचे आणि वस्तीपासून लांबचे. आधीच सांगून टाकतो, कॅरिअरची एकही नळी मोडली नाही. त्रास दिला तो एम५, म्हणजे ५ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टने.

मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला आटे पाडलेलं भोक असतं, त्यात हा बोल्ट बसतो. तो घट्ट असेतो कॅरिअरचा पाय आणि फ्रेम एकमेकांना दाबून धरतात आणि भार त्या दाबावरच पेलला जातो. बोल्ट जरासा सैल झाला की पाय हलायला लागतो, मग प्रत्येक खड्ड्याला बोल्ट थोडा वाकतो, पुन्हा सरळ होतो. असं हजारो वेळा झालं की डोक्याखाली बारीक चीर पडते आणि एक दिवस डोकं उडतं. तुटलेला तुकडा नीट पाहिला तर कळतं: बराचसा भाग गुळगुळीत, मळकट, आणि कडेला छोटासा खरखरीत, चकाकता भाग. गुळगुळीत भाग आधीच हळूहळू फाटत आलेला असतो, शेवटच्या धक्क्याला तुटतो तो फक्त चकाकता.

सुटका सोपी आहे, पण ती निघण्याआधी करावी लागते. आटे स्वच्छ पुसून निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकटद्रव) लावायचं, खाली वायसर घालायचा, ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने घट्ट करायचं. भोक आरपार असेल आणि आत जागा असेल तर मागून आत नायलॉनची कडी असलेला नट लावला तर उत्तम. चेनच्या बाजूला मात्र बोल्टचं टोक किती बाहेर येतंय ते बघा, सर्वांत लहान गिअरवर चेन त्याला घासू शकते. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा भाग) चुकवायला पाय आणि फ्रेमच्या मध्ये जाड स्पेसर घालतात, तो शक्य तितका पातळ ठेवा. अंतर वाढलं की बोल्टवरचा वाकवणारा जोर वाढतो. रोज सकाळी पिशव्या अडकवण्याआधी सगळ्या बोल्टांना ॲलन की लावून बघायला एका सायकलला दोन मिनिटंही लागत नाहीत. डोक्याभोवती काळपट भुकटी दिसली किंवा रंग घासून चमकदार कड उमटली, तर तो सांधा हलतोय हे नक्की समजा.

तरीही तुटलाच तर उरलेला तुकडा आतल्या बाजूने पक्कडीत धरून फिरवून काढता येतो. टोक सपाट बसलं असेल तर कानशीच्या धारेने त्यावर खाच पाडून पेचकस लावायचा. केबल टाय फक्त मुक्कामापर्यंत पोहोचवतो. होज क्लॅम्प (पाइप आवळायची धातूची पट्टी) जास्त टिकतो, पण त्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी घाला, नाहीतर फ्रेम कोरली जाते.

पोलाद निवडण्याचं कारण साधं आहे. ॲल्युमिनिअमचं कॅरिअर हलकं, पण ते तुटलं तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे जोडता येत नाही. पोलाद कुठेही जोडता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही, तरी अर्धा किलो जास्त वजनाचं वाईट वाटलेलं नाही.

वजन कुठे ठेवता यावर उतार कसा जाईल ते ठरतं. सगळं मागे भरलं की चढावर पुढचं चाक हलकं पडतं, आणि वेगाच्या उतारावर हँडल थरथरायला लागतं. तसं झालंच तर हँडल आवळू नका. फ्रेमची वरची नळी गुडघ्यांत दाबा, बुड सीटवरून किंचित उचला आणि ब्रेक हळूहळू लावा. तंबूचे खांब, डबाबंद अन्न, अवजारं अशा जड वस्तू पुढच्या पिशव्यांत तळाशी गेल्यावर ही थरथर जवळजवळ संपली. डाव्या-उजव्या पिशवीत फार फरक ठेवू नका, तो हाताला लगेच जाणवतो.

पिशव्या पावसात कोरड्या राहिल्या, पण तोंडाला किमान तीन वळसे हवेतच. आतला ओलावाही तितकाच बाहेर पडत नाही, म्हणून घामाचे कपडे वेगळ्या पिशवीत. पिशवीच्या हुकांत कॅरिअरच्या नळीच्या जाडीनुसार बसणारे प्लास्टिकचे तुकडे पहिल्याच दिवशी बसवा. ते नसले की पिशवी खडखडते आणि कॅरिअरचा रंग घासून गंज धरतो. छिद्र पडलं तर ट्यूबचं सोल्यूशन पीव्हीसी कापडावर धरत नाही, पीव्हीसीचाच चिकटद्रव न्यावा.

चौघांत सामान वाटताना एक चूक सहज होते: जोमदार माणसाकडे जड म्हणून अवजारं दिली जातात. तो चढावर दोन-तीन किलोमीटर पुढे निघून जातो आणि पंक्चर मागच्याचं होतं. चेन तोडण्याचं अवजार, टायरचा तुकडा, स्पोक की, जादा स्पोक हे शेवटून चालणाऱ्याकडे हवं. पुढच्याकडे तंबू आणि स्टोव्ह, म्हणजे मागचे येईतो मुक्काम उभा राहतो. पंप, एक ट्यूब आणि ॲलन की मात्र प्रत्येकाकडे हव्यातच.

जादा बोल्ट पिशवीत ठेवले तर हवे तेव्हा सापडत नाहीत. पाण्याच्या बाटलीच्या स्टँडसाठी फ्रेमवर असलेली भोकं बहुधा एम५चीच असतात. रिकाम्या भोकांत चार बोल्ट पिळून ठेवा.