उपमा-रूपक शिकवताना: आधी व्याख्या की आधी वाक्यं?

सातवी-आठवीला उपमा (एक वस्तू दुसरीसारखी आहे असं म्हणणं) आणि रूपक (ती दुसरीच आहे असं म्हणणं) हे अलंकार शिकवायचं म्हटलं की दोन वाटा असतात. एक म्हणजे फळ्यावर व्याख्या लिहायची, उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांत जुळणारा गुण) आणि साम्यवाचक शब्द असे चार रकाने आखायचे आणि उदाहरणं त्यांत बसवायची. दुसरी म्हणजे मुलांच्या तोंडची वाक्यं घेऊन बोलत बसायचं आणि अलंकारांची नावं शेवटी द्यायची.

पहिली वाट झटपट आहे. वह्या नीटनेटक्या होतात, तपासणंही सोपं जातं. दहावीची परीक्षा तोंडावर आली असेल तर दुसरे प्रयोग करूच नयेत. पण या वाटेवर मुलं लवकरच एक युक्ती शोधून काढतात: 'सारखा', 'प्रमाणे', 'परी', 'गत' दिसलं की उपमा, नाही तर रूपक. अशा वर्गाला 'बाळ सारखं रडतंय' हे वाक्य द्या, काही हात 'उपमा' म्हणत वर जातातच. 'मला ताईसारखी सायकल हवी' यालाही तेच उत्तर येतं. एका सायकलला दुसऱ्या सायकलसारखं म्हटल्याने अलंकार होत नाही, त्याला दोन वेगळ्या वस्तू लागतात. हे वहीत लिहिलेलं असतं, पण डोक्यात उतरलेलं नसतं.

दुसऱ्या वाटेवर साधारण धर्म मुलांना स्वतः शोधावा लागतो, म्हणून माझा कौल तिला. 'आमचा वर्ग म्हणजे मासळीबाजार' हे वाक्य घ्या आणि दोनच प्रश्न विचारा: काय जुळतं, काय जुळत नाही? गोंगाट जुळतो, यावर लगेच एकमत होतं. घासाघीस? गृहपाठावरून चालते की! वास? इथे हशा पिकतो आणि कुणीतरी डब्याच्या सुट्टीची आठवण काढतं. मासळी मात्र कुठेच नाही, तरी वाक्य कुणाला खोटं वाटत नाही. मग 'मासळीबाजारासारखा गोंगाट' असं म्हणून बघायचं. गोंगाट बोलून दाखवला की शोधायला काही उरत नाही. रूपकात साधारण धर्म बहुधा लपलेला असतो, म्हणून रूपक उपमेपेक्षा अवघड जातं.

कविता हवी असेल तर बहिणाबाई चौधरींच्या ओळी हाताशी ठेवाव्यात. संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देऊन त्या साम्यही सांगतात: आधी चटके, मग भाकर. मनाला मात्र त्या थेट उभ्या पिकातलं ढोरच करून टाकतात.

या वाटेला वेळ जास्त लागतो आणि वर्ग भरकटतो. शिवाय मुलं सुरुवातीला 'चंद्रासारखा चेहरा' छापाचीच वाक्यं देतात. तेव्हा 'डागांसकट का?' असं विचारलं की पुढची वाक्यं सुधारतात. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत मासळीबाजार न पाहिलेली मुलं असतील, तिथे शाळेची बस किंवा विमानतळ घ्यावा.

चाचणीतही 'अलंकार ओळखा' याच्या जोडीला 'काय जुळतं, काय जुळत नाही, ते दोन ओळींत लिहा' हा प्रश्न ठेवावा. व्याख्येच्या वाटेने जाणाऱ्यांनीही एवढा बदल करायला हरकत नाही.