नंबर पाठीमागे असतो

बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापलेल्या जुन्या कार्डांचा अख्खा सेट एकदम विकत घ्यायचा विचार कुणी करत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचावं. गेल्या वर्षी मी टॉप्स या कार्डं काढणाऱ्या कंपनीचा १९७३चा सेट ६५० डॉलरला घेतला. पूर्ण सेट ६६० कार्डांचा असतो. घरी आणून मोजली तर कार्डं बरोबर ६६० भरली, आणि तरीही सेट अपुरा होता.

आम्ही दक्षिण न्यू जर्सीत राहतो. लेक सॉफ्टबॉल खेळते. दोघांनी मिळून काहीतरी जमवावं असं मनात होतं. लहानपणी मी काडेपेट्यांचे छाप आणि बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो, ती गोडी अजून गेलेली नाही. पण बेसबॉलच्या जुन्या कार्डांच्या किमती ऐकून आधी छातीत धस्स झालं. १९५२च्या टॉप्समधलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते दशकच आमच्यासाठी बंद होतं. १९७१च्या कार्डांना काळी किनार आहे. ती जरा घासली तरी आतला पांढरा पुठ्ठा दिसतो, म्हणून काही लोक तिथे मार्करने काळं फासून विकतात. १९७२चा सेट ७८७ कार्डांचा, आणि त्यातली शेवटची १३१ महाग. ज्याला कमी खर्चात सुरुवात करायची आहे त्याने १९७४ किंवा १९७६ घ्यावा, असं मी आजही सांगेन. १९७४पासून टॉप्सने सेटची सगळी कार्डं एकदम बाजारात आणली, त्यामुळे त्यात दुर्मीळ झालेला असा भाग नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी १९७३वर अडलो. कारण ५० नंबरचं कार्ड.

ते रॉबर्टो क्लेमेंटेचं आहे. पोर्तो रिकोचा हा खेळाडू पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळायचा. ३० सप्टेंबर १९७२ला त्याने ३०००वा हिट, म्हणजे यशस्वी फटका, मारला. नियमित मोसमातला तो त्याचा शेवटचा हिट ठरला. डिसेंबरात निकाराग्वामध्ये मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असं कळल्यावर ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः सामान घेऊन विमानात बसला, आणि ते विमान समुद्रात पडलं. १९७३चं कार्ड आलं तेव्हा तो या जगात नव्हता.

मी मूळचा लातूरचा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. विसर्जनाची रात्र होती, पहाटे चारच्या सुमाराला घर हललं ते अजून आठवतं. पुढचे कित्येक दिवस रस्त्याने मदतीचे ट्रक जाताना आम्ही पोरं उभी राहून बघायचो. तारीखसुद्धा क्लेमेंटेच्या त्या शेवटच्या हिटचीच, ३० सप्टेंबर. भूकंपातल्या अनोळखी लोकांसाठी जीव गेलेला हा माणूस मला परका वाटलाच नाही. लेकीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मग हाच सेट घेऊ या."

१९७३ची कार्डं टॉप्सने १३२-१३२च्या पाच टप्प्यांत आणली. शेवटच्या टप्प्यापर्यंत मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेलं असायचं, म्हणून ५२९ ते ६६० या नंबरांची कार्डं कमी विकली गेली आणि आज ती महाग आहेत. याच टप्प्यात ६१५ नंबर आहे. त्यावर तीन नवख्या खेळाडूंचे छोटे चेहरे आहेत, त्यातला एक माइक श्मिट. पुढे शेजारच्या फिलाडेल्फियाकडून ५४८ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारणारा श्मिट म्हणजे आमच्या भागात देवच. पूर्ण सेटच्या किमतीतला मोठा वाटा या एका कार्डाचा असतो. फसवणाऱ्यालाही हे माहीत असतं.

एका हॉलमध्ये रविवारी कार्डांचं प्रदर्शन भरलं होतं. दुपारी उशिरा, लोक टेबलं आवरायला लागले तेव्हा, एका साठीच्या गृहस्थाकडे हा सेट दिसला. जाड बाइंडर, आत नऊ खणांची प्लॅस्टिकची पानं. त्यांनी स्वतः पानं उलटून दाखवली. पहिल्याच पानावर रूथ, ॲरन आणि मेज हे तीन नामवंत खेळाडू एकत्र असलेलं एक नंबरचं कार्ड. पुढे क्लेमेंटे, आणि त्याचे कोपरे अगदी टोकदार. शेवटाकडे श्मिट. "लहानपणी मी स्वतः जमवलेत. नातवंडांना आवड नाही, म्हणून देतोय," ते म्हणाले. माझं मन विरघळलं. मी पावती मागितली नाही. बँकेच्या ॲपमधून, भावाला पाठवावेत तसे थेट पैसे पाठवले. ओळखीच्यांत पैसे पाठवायची ती सोय आहे. त्यातून अनोळखी माणसाला पैसे गेले की ते परत आणायची वाट जवळजवळ नसते. हे मला नंतर बँकेनेच सांगितलं.

युक्ती अशी होती. एका खणात दोन कार्डं, पाठीला पाठ लावून. त्यामुळे पान कुठल्याही बाजूने बघा, चेहरेच दिसतात. ६६० कार्डं ३७ पानांत बसतात आणि बाइंडर आटोपशीर दिसतो. पण या कार्डांचा नंबर मागच्या बाजूला छापलेला असतो, आणि पाठी एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे एकही नंबर दिसत नाही. मी सगळी पानं बघितली, एकही पाठ बघितली नाही.

घरी लेकीने एकेक कार्ड काढून यादीवर खूण करायला घेतली. तासाभराने म्हणाली, "बाबा, हा माणूस दुसऱ्यांदा आलाय." मग तिसरा, चौथा. पहिल्या टप्प्यातली स्वस्तातली कार्डं दोन-दोन, तीन-तीन वेळा दूरदूरच्या पानांत पेरलेली होती. शेवटच्या टप्प्याच्या १३२ पैकी ७१च निघाली, ६१ गायब. आणखी नऊ कार्डांच्या मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर होता. ती ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीची निघाली. समोरून हुबेहूब टॉप्ससारखी. कार्डं खरी आहेत आणि ती जमवणारेही आहेत, पण टॉप्सच्या सेटमध्ये ती चालत नाहीत.

श्मिटचं कार्ड सोनार वापरतात तसल्या दहापट भिंगाखाली धरलं. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं सलग शाईची, कडा स्वच्छ. आमच्या कार्डावर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होती, म्हणजे खऱ्या कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलेलं. मग खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारला. आजूबाजूची कार्डं मंद राहिली आणि हे एकटं निळसर पांढरं चमकलं, कारण आजच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालतात. हा टॉर्च काही डॉलरला मिळतो, भिंगही तसंच. दोन्ही खिशात ठेवून प्रदर्शनाला जाता येतं, आणि विकणारा भला असेल तर तो त्याला हरकत घेत नाही.

क्लेमेंटेचं मला जास्त लागलं. ते कार्ड खरं आहे. पण झिजलेले कोपरे लपवायला कुणीतरी त्याच्या कडा कापल्या आहेत. ज्या टोकदार कोपऱ्यांना मी भुललो, ते पात्याने केलेले होते. माप अडीच बाय साडेतीन इंच हवं. चार साध्या कार्डांच्या गठ्ठ्यात ते मधोमध ठेवून टेबलावर ठोकलं की बोटाला लगेच खड्डा लागतो. आमचं जवळपास एक मिलिमीटर आखूड आहे. पन्नास वर्षांच्या कार्डाची कड जराशी मऊ, तंतू सुटलेली असते. कापलेली कड गुळगुळीत लागते.

विकणाऱ्याने पहिल्या फोनला "बघून घेतलंत ना?" एवढंच विचारलं, नंतर नंबर बंद. प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे त्यांच्या टेबलाची नोंद दुसऱ्याच नावावर होती. पोलिसांत तक्रार दिली आहे, तिचं पुढे काही झालेलं नाही.

लेक दोन दिवस बाइंडरकडे बघेना. पैशांपेक्षा तिचं ते गप्प होणं मला सहन झालं नाही. मग आम्ही यादी पुन्हा काढली आणि एकेक कार्ड घ्यायला लागलो, प्रत्येक वेळी आधी पाठ बघून. आता एका खणात एकच कार्ड ठेवतो, म्हणून पानं ७४ झाली आहेत. ६१ पैकी ३८ मिळाली. बरीचशी वाकलेल्या कोपऱ्यांची, काहींवर च्युइंगगमचे डाग, पण सगळी खरी. क्लेमेंटे त्याच्या जागीच आहे, "कडा कापलेल्या" अशी चिठ्ठी त्याच्याबरोबर त्याच खणात.

खोट्या श्मिटवर लेकीने दोन्ही बाजूंनी न पुसणाऱ्या शाईने मोठ्या अक्षरांत "नकली" लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, म्हणजे ते पुन्हा कुणाला विकता येणार नाही. ६१५ची जागा अजून रिकामी आहे.