पर्वरीतलं लीडरशिप कोचिंग, चार सेशन केली

मी मूळ गोव्यातल्या डिचोलीचा, सात वर्षं न्यू जर्सीत आयटीत आहे. कामाचं कौतुक दरवर्षी होतं पण मॅनेजरची जागा निघाली की नाव दुसऱ्याचंच, म्हणून यंदा चवथीला घरी आलो तेव्हा पर्वरीत एका मॅडमकडे चार सेशन केली.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं सेल्फ अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा मीच लिहिलेला आढावा, घेतलं आणि लाल पेनाने प्रत्येक ‘आम्ही’ला गोल केला, एका पानावर अकरा! म्हणाल्या, काम तुम्ही केलंत ना, मग ‘मी’ कुठाय? मी गप्पच झालो. मोठ्यांपुढे जास्त बोलू नये हे आपल्या अंगात मुरलेलं, आणि तिकडे मीटिंगमध्ये गप्प बसला म्हणजे ह्याला मतच नाही असं धरतात. मेंटॉर सल्ला देतो पण स्पॉन्सर तुम्ही नसता त्या खोलीत तुमचं नाव घेतो, हा फरक मला इथेच कळला.

नडेला 2014 ला मायक्रोसॉफ्टचे, पिचाई 2015 ला गूगलचे सीईओ झाले तरी आपली बरीच माणसं मधल्या पायरीवर अडकतात, त्याला बांबू सीलिंग म्हणतात, हेही नीट समजावलं.

एक कमी वाटली, व्हिसाचा विषय पाच मिनिटांत उरकला. एच-वन-बी हा तिकडचा नोकरीचा व्हिसा साधारण 6 वर्षांचा, पुढचं सगळं कंपनीने भरलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जावर, मग बॉसशी वाद घालायला माणूस घाबरणारच ना, ह्यावर एक अख्खं सेशन हवं.

तरी जाच, आणि जाताना तुमचं अप्रेझल प्रिंट करून न्या.