जिओकॅशिंगला फोन पुरे, की हातातलं जीपीएस हवं? कोल्हापूरकरांसाठी तुलना

कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा, आतल्या चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन ॲपवर नोंद करायची. जिओकॅशिंग ते हेच. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारी जागा दहा-वीस मीटरांत मिळू लागली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला. छंदाची सुरुवातच अचूकतेतून झाली, त्यामुळे कोणतं यंत्र घ्यावं हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो.

आमचं मत आधी सांगतो. शहरात आणि कोरड्या दिवसांत शोधणार असाल तर खिशातला फोन पुरतो. पावसाळ्यात पन्हाळा-विशाळगडची वाट, मसाई पठार, गगनबावडा, दाजीपूर अशी भटकंती असेल तर बटणांचं यंत्र घ्या, आणि ते घेताना रंगीत नकाशापेक्षा होकायंत्राला पैसे मोजा.

त्याआधी एक काम फुकटात होतं. जिओकॅशिंगचं मोफत खातं उघडून कोल्हापूरभोवतीचा नकाशा बघा. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे डबे फार विरळ आहेत. तुमच्या रविवारच्या पल्ल्यात किती आहेत, त्यांचा भूभागाचा दर्जा १ (सोपी वाट) ते ५ (सर्वांत अवघड) पैकी किती आहे आणि शेवटची सापडल्याची नोंद कधीची आहे, हे तीन आकडे पाहिले की यंत्रावर खर्च करायचा की नाही ते निम्मं ठरतं. वर्षभर कुणाला सापडला नाही असा डबा गेलेला असू शकतो. पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागू नका.

फोनची बाजू

अँड्रॉइडवर सी-जिओ हे मोफत ॲप घ्या. ते डब्याचं वर्णन, शोधायला दिलेला इशारा (हिंट) आणि जुन्या नोंदी फोनमध्ये साठवून ठेवतं. आयफोनवर ते मिळत नाही, तिथे मूळ जिओकॅशिंग ॲप वापरा. निघण्याआधी घरच्या वायफायवर डबे आणि त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. गगनबावड्याच्या बाजूला रेंज गेली की ऐनवेळी काहीच उघडत नाही.

रेंजचा संबंध नुसत्या नकाशाशी नाही. उपग्रह आपला मार्ग सांगणारी माहिती फार संथ पाठवतात, सेकंदाला ५० बिट. फोन एरवी हीच माहिती नेटवरून ओढतो, म्हणून त्याला दोन-चार सेकंदांत जागा कळते. रेंज नसेल तर उपग्रहांकडूनच ऐकत बसावं लागतं. उघड्या आकाशाखाली त्याला अर्धा-एक मिनिट लागतं, दाट झाडीत कितीतरी जास्त. त्यामुळे रेंज असेतोवर ॲप उघडून जागा पक्की करा आणि मग आत शिरा.

नवा फोन घ्यायचाच असेल तर दोन वारंवारता पकडणारा, म्हणजे एल-१ आणि एल-५, असा घ्या. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाखाली किंवा कुठल्याही उभ्या कड्याला लागून उभे राहिलात की अर्धं आकाश झाकतं आणि उरलेला संदेश कातळावर आपटून उशिरा येतो. यंत्राला वाटतं उपग्रह जास्त लांब आहे, आणि ठिपका दरीत जाऊन बसतो. एल-५ च्या संदेशात हा आपटलेला भाग वेगळा काढणं सोपं जातं. जाहिरातीवर विसंबू नका. जीपीएसटेस्ट हे ॲप टाकून रंकाळ्याच्या मोकळ्या काठावर उभे राहा, उपग्रहांच्या यादीत एल-५ दिसतं का ते तिथेच कळतं.

फोन अडतो तो पावसात. पडद्यावर थेंब पडले की त्याला तेही बोटच वाटतं, नकाशा आपोआप सरकतो, नको ते उघडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर आतून वाफ धरते. पडदा पूर्ण उजेडावर आणि जीपीएस सतत चालू असेल तर दुपारपर्यंत बॅटरी तळाला जाते, आणि वाटेत पाय मुरगळला तर फोन लावायला तीच बॅटरी हवी असते. पॉवरबँक घेतली तरी ओल्या खाचेत केबल खुपसायची नसते, हे लक्षात ठेवा. चुंबक असलेलं कव्हर मात्र घरीच काढून ठेवा, त्याने होकायंत्र वेडंवाकडं दाखवतं.

हातातली यंत्रं

या छंदात सर्वांत जास्त गार्मिन कंपनीची यंत्रं दिसतात, म्हणून त्यांचीच तुलना. किमती बाजारात आल्या वेळच्या अमेरिकेतल्या, डॉलरमध्ये. आपल्याकडे त्यावर कर चढतात.

| यंत्र | होकायंत्र | नकाशा | बॅटरी | किंमत |
|---|---|---|---|---|
| ईट्रेक्स एसई | आहे | नाही | २ पेन्सिल सेल, १६८ तास | १५० |
| ईट्रेक्स २२एक्स | नाही | रंगीत | २ पेन्सिल सेल, २५ तास | २०० |
| ईट्रेक्स ३२एक्स | आहे | रंगीत | २ पेन्सिल सेल, २५ तास | ३०० |
| जीपीएसमॅप ६५एस | आहे | रंगीत | २ पेन्सिल सेल, १६ तास | ४०० |
| जीपीएसमॅप ६७ | आहे | रंगीत | आतली बॅटरी, १८० तास | ५०० |

तासांचे आकडे कंपनीचे आहेत. पडद्यामागचा दिवा लावून चाललात तर ते बरेच खाली येतात.

होकायंत्राचा रकाना सर्वांत महत्त्वाचा का, ते शेवटच्या वीस मीटरांत कळतं. जीपीएसला तुम्ही कुठे आहात ते कळतं, तोंड कुठे आहे ते कळत नाही. दिशा ते तुमच्या चालण्यावरून काढतं. डब्याजवळ आलं की माणूस हळू होतो, थांबतो, वळून दगडामागे बघतो. होकायंत्र नसलेल्या २२एक्सचा बाण त्याच क्षणी भरवसा ठेवण्याजोगा राहत नाही. ते हातात असेल तर तीस मीटर मागे या, एका रेषेत सरळ चालत जा आणि बाण कुठे रोखलाय ते एखाद्या झाडावर धरून ठेवा. मग काटकोनात दुसऱ्या बाजूने तसेच या. दोन रेषा जिथे कापतात तिथे शोधा. एसई किंवा ३२एक्स घेऊन थांबलात तरी बाण जागेवर राहतो. मात्र दर वेळी सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवायचं, आणि तेही मोटरसायकलपासून दूर उभं राहून.

म्हणून २२एक्स आमच्या यादीत शेवटचं. नकाशा हवाच असेल तर ३२एक्स घ्या. त्यात ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले मोफत नकाशे टाकता येतात. नाहीतर एसई घ्या आणि नकाशा फोनवर बघा. एसईची एक अट आहे: डब्यांची माहिती थेट उतरवायला ते फोनच्या ॲपशी जोडावं लागतं, हे घरूनच उरका. ६५एस आणि ६७ ही दोन्ही एल-५ पकडतात. ६५एस आपल्या इस्रोचे नाविक उपग्रहही वापरतं. दाट रानात आणि कड्याखाली वारंवार जाणाऱ्यालाच त्यांचे पैसे वसूल होतील.

सर्व ईट्रेक्सना पाऊस चालतो, ओल्या हातांनी बटणं दाबता येतात आणि पेन्सिल सेल गगनबावड्याच्या टपरीवरही मिळतो. टपरीवरचा स्वस्त सेल झिंक-कार्बनचा असतो, तो लवकर मान टाकतो, अल्कलाइन मागा. रिचार्जेबल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. तो १.२ व्होल्टचा असतो, आणि अल्कलाइनवर ठेवलेलं यंत्र तो भरलेला असतानाच संपत आल्याचं दाखवतं. २२एक्स आणि ३२एक्सला जुनी मिनी-यूएसबी केबल लागते. डबीतली हरवू नका, आणि दुसरी घेताना फक्त चार्जिंगची घेऊ नका, तिच्यातून फाइल जात नाही.

परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर मॉडेलच्या नावापुढचं अक्षर नीट वाचा. ६७ आणि ६७आय यांत एका अक्षराचा फरक आहे, पण ६७आय इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवतं. अशी साधनं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. ती सापडल्याने विमानतळावर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना झाल्या आहेत. साधं जीपीएस फक्त ऐकतं, पाठवत काही नाही.

आकडे टाकताना

डब्याचा पत्ता अंश आणि दशांश मिनिटांत असतो, उदाहरणार्थ उ १६° ४२.३००'. हा नुसत्या अंशांत १६.७०५ होतो. घाईत कुणी १६.४२३ टाकला तर अक्षांशाच्या या एकाच चुकीने कोल्हापुरातली जागा ३१ किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या बाजूला जाते. यंत्रातला आकड्यांचा ढाचा (फॉरमॅट) अंश-मिनिटांचा ठेवा आणि मापनाचा आधार (डेटम) डब्ल्यूजीएस ८४. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८ मीटर, तेव्हा शेवटचा आकडाही गाळू नका. तरीही मोकळ्यावर यंत्र तीन ते पाच मीटर चुकतं, डबा ठेवणाऱ्याचंही तितकंच चुकलेलं असतं आणि दोन्ही चुकांची बेरीज होते. दहा मीटर उरले की यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा. जांभ्याच्या फटीत आधी काठी, मग हात. त्या दगडांखाली फुरसं असू शकतं.

स्वतः डबा ठेवायचा झाला तर

दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर लागतं, खड्डा खणून पुरायचा नसतो आणि जागेच्या मालकाची परवानगी हवी. पन्हाळ्याची तटबंदी, दरवाजे, सज्जाकोठी या संरक्षित वास्तू आहेत. त्यांच्या दगडांत काही खोचू नका. राधानगरी अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडला किंवा स्टँडवर तर बेवारस डबा म्हणजे पोलिसांची धावपळ.

जागेचे आकडे एकदाच घेऊ नका. गार्मिनमध्ये सरासरी काढायची सोय आहे, दीड-दीड तासाच्या अंतराने चार ते आठ वेळा नोंद घ्या. डबा चारी बाजूंनी कुलपासारखा बंद होणारा, झाकणात रबरी कडी असलेला हवा. औषधाच्या बाटलीएवढी छोटी डबी आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात टिकत नाही, चिठ्ठीचा लगदा होतो. चिठ्ठी झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची एक पुडी आणि शिसपेन्सिल ठेवा. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.