पहिला टॅरो डेक भेट द्यायचाय? २२ सोडा, ५६ बघा

टॅरो म्हणजे भविष्य पाहायला किंवा नुसता विचार करायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, आणि डेक म्हणजे त्यांचा गठ्ठा. पहिला डेक म्हणे स्वतःच्या पैशाने घ्यायचा नसतो, तो कुणीतरी द्यावा लागतो. टॅरो वाचणारे बरेच जण हल्ली ही समजूत हसण्यावारी नेतात आणि खुशाल स्वतःचा डेक घेतात. पण समजूत पसरली आहे खरी, आणि तिच्यापायी वाढदिवस जवळ आला की एखादा नवरा किंवा मैत्रीण रात्री बारा वाजता ऑनलाइन दुकानात स्क्रोल करत बसते. मीही बसलो होतो. बायकोसाठी आधी चुकीचा डेक घेतला, मग बरोबर घेतला. भविष्य वगैरेवर माझा विश्वास नाही, तिचाही फारसा नाही. तिला चित्रं समोर ठेवून विचार करायला आवडतं, एवढंच.

एक हिशेब आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डेकमध्ये ७८ पत्ते असतात. त्यातले २२ मेजर अर्काना: द फूल, द सन, द मून, डेथ वगैरे. उरलेले ५६ मायनर: कप्स (पेले), सोर्ड्स (तलवारी), वॉन्ड्स (काठ्या) आणि पेंटॅकल्स (नाणी) असे चार रंग, प्रत्येकात एक्का ते दहा आणि राजा-राणीसारखे चार दरबारी पत्ते. दुकानात जे फोटो दिसतात ते बहुतेक वेळा २२ मधलेच असतात, कारण कुठल्याही चित्रकाराने सूर्य-चंद्र देखणेच काढलेले असतात. पण तिने रोज तीन पत्ते काढले, तर सरासरीने त्यातले दोन मायनरचे निघणार. म्हणजे तुम्ही भुलता २२ ला आणि तिला नांदायचं असतं ५६ सोबत. म्हणून मी इथे मार्सेय, रायडर-वेट-स्मिथ आणि थॉथ हे तीन जुने डेक एकाच साध्या मायनर पत्त्यावरून तोलणार आहे: फाइव्ह ऑफ कप्स, पाच पेले.

माझी पहिली खरेदी मार्सेय. कामानिमित्त पॅरिसला गेलो होतो, तिथल्या दुकानात हा डेक दिसला. लाल, निळा, पिवळा असे ठसठशीत रंग, लाकडी ठशाच्या जाड रेषा. मला वाटलं, अस्सल ते हेच. तसं ते खोटंही नाही. टॅरो जन्मला उत्तर इटलीत, पंधराव्या शतकात, आणि तोही निव्वळ खेळ म्हणून. त्यातून भविष्य पाहायची टूम फ्रान्समध्ये अठराव्या शतकात निघाली. मार्सेय शहरातल्या निकोला कोनव्हेरने १७६० च्या सुमारास छापलेले पत्ते आजही या घराण्याचा नमुना मानले जातात.

बायकोने डेक उघडला, पत्ते पिसले, एक काढला. पाच पेले. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक, भोवती वेलबुट्टी. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर पत्त्यांचा कॅट आहे. पाच पेले म्हणजे काय समजायचं?" मी पुस्तिका उघडली. ती फ्रेंचमध्ये होती.

मार्सेयची गोम हीच. २२ पत्ते चित्रांचे, मायनरचे आकडेवाले पत्ते मात्र नुसत्या खुणांचे, जशी आपली बदाम सत्ती. यात त्याचा दोष नाही. पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या ही चिन्हं मामलुक काळातल्या इजिप्तच्या पत्त्यांवरून युरोपात आली, आणि खेळायच्या पत्त्यावर गोष्ट रंगवायचं कारणच काय? आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतही तसंच असतं. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. राजा आणि प्रधान यांची चित्रं, बाकी एक ते दहा नुसती चिन्हं. खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. चित्रात स्वतःची गोष्ट शोधणाऱ्याला पुरत नाही. त्याला आधी अंकांचे अर्थ, मग रंगांचे अर्थ, मग दोन्हींचा गुणाकार शिकावा लागतो. तुमच्या जोडीदाराला अंकशास्त्राची गोडी असेल किंवा ती ग्राफिक डिझायनर असून जुन्या छपाईवर जीव टाकणारी असेल, तर मार्सेय जरूर द्या. नाहीतर तो दुसरा डेक म्हणून उत्तम.

दुसऱ्यांदा मी रायडर-वेट-स्मिथ घेतला, आणि पहिल्या डेकसाठी माझं मत त्यालाच. १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने तो काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. कितीतरी वर्षं या डेकच्या नावात प्रकाशक होता, लेखक होता, आणि जिने सगळे ७८ पत्ते रंगवले ती नव्हती. तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलंय की काम मोठं आहे आणि पैसे अगदीच थोडे. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पत्त्यांच्या कोपऱ्यात वेटोळ्यासारखी एक सही दिसते, ती तिची. डेक देताना ही सही दाखवा. माझ्या बायकोला पत्त्यांच्या अर्थांआधी ही गोष्ट पाठ झाली.

स्मिथने काय केलं, तर आकड्यांच्या पत्त्यांनाही प्रसंग दिले. ही कल्पना अगदी पहिल्यांदाच आली असं नाही. सोला बुस्का नावाच्या पंधराव्या शतकातल्या इटालियन डेकमध्ये असे प्रसंग होते आणि त्याचे फोटो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये होते. थ्री ऑफ सोर्ड्समधलं तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय सरळ तिथूनच आलेलं दिसतं. पण आज जगभर टॅरो शिकतात तो स्मिथच्या चित्रांवरून. तिचे पाच पेले असे: काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा, समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन सरळ उभे, पलीकडे नदी आणि पूल. बायकोने हा पत्ता काढला, पुस्तिका बाजूलाच ठेवली आणि म्हणाली, "याला मागचे दोन दिसतच नाहीयेत." मार्सेयच्या वेळी जे मला तासभर समजावता आलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात स्वतःच सांगितलं.

आता त्याच्या उण्या बाजू. चित्रसृष्टी सगळी युरोपीय आणि ख्रिस्ती आहे: देवदूत, चर्चच्या खिडक्या, पोप. द लव्हर्समध्ये नग्न स्त्री-पुरुष आहेत, डेथमध्ये पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा. एकत्र कुटुंबात राहत असाल तर हे ध्यानात ठेवा. आमच्या आईने नेमका डेथच उचलला आणि "हे असलं घरात कशाला आणलंस?" म्हणून मलाच विचारलं. त्या चित्रात मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य उगवतोय आणि टॅरोत हा पत्ता जुनं संपण्याचा मानतात, हे मी सांगितलं. तिला पटलं नाही. डेक आता पुस्तकांच्या कपाटात, आईच्या खोलीपासून लांब.

शिवाय रायडर-वेट म्हणजे एकच डेक नव्हे. पिवळ्या डब्यातली नेहमीची आवृत्ती सगळीकडे मिळते, पण तिचे सपाट, भडक रंग मला भेटवस्तूला रुचत नाहीत. युनिव्हर्सल वेटमध्ये रेषा त्याच, रंग मऊ केलेले. रेडियंट झगझगीत, तरुण डोळ्यांना आवडतो. मी घेतला तो स्मिथ-वेट सेंटेनियल, २००९ च्या शताब्दीच्या निमित्ताने निघालेला. जुन्या छपाईशी मिळतेजुळते विटके, मातकट रंग, आणि पत्त्यांची नावं स्मिथच्याच हस्ताक्षरात. चार पैसे जास्त गेले तरी भेट म्हणून हाच.

तिसरा डेक थॉथ. त्याच्याबद्दल मात्र जरा सावध करतो, कारण फोटोत तो सगळ्यांना मागे टाकतो. इंग्रज गूढवादी अॅलिस्टर क्रोली आणि चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात तो घडवला. मूळ बेत काही महिन्यांत उरकायचा होता, लागली पाच वर्षं. हॅरिसबाईंनी भूमितीतल्या छेदणाऱ्या प्रतलांचा असा काही वापर केलाय की प्रत्येक पत्ता आतून उजळल्यासारखा वाटतो. नवरा गेल्यानंतर त्या भारतात आल्या आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या. क्रोली त्याआधीच, १९४७ मध्ये गेला होता. पत्त्यांच्या रूपात डेक बाजारात आला तो १९६९ मध्ये.

थॉथमधले पाच पेले: काचेचे रिकामे चषक उलट्या पंचकोनी ताऱ्यासारखे मांडलेले, कमळांच्या पाकळ्या उडालेल्या, मागे तांबडा उजेड. आणि खाली इंग्रजीत छापील शब्द, निराशा. मला खुपतो तो हा शब्द. चित्राने बोलायच्या आधीच तो निकाल देऊन मोकळा होतो. दहा तलवारींवर विनाश, नऊ तलवारींवर क्रौर्य, सात नाण्यांवर अपयश. नोकरी बदलायच्या विचारात असलेल्या माणसाला सकाळी चहाबरोबर 'अपयश' हातात द्यायचं का, ते तुम्ही ठरवा. शिवाय इथे राजा नाही. नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असा दरबार आहे. स्ट्रेंग्थचं नाव लस्ट, टेम्परन्सचं आर्ट. त्यामुळे रायडर-वेटवर बेतलेलं पुस्तक किंवा क्लास याला जसाच्या तसा लागू पडत नाही. काही आवृत्त्यांत द मेगसचे (म्हणजे जादूगाराचे) तीन वेगवेगळे पत्ते असतात आणि एकूण ८० भरतात, तेव्हा जोडीदाराने मोजून "दोन जास्त आलेत" म्हटलं तर घाबरू नका. ज्योतिष, कब्बाला (ज्यूंची गूढविद्या) असल्या विषयांत आधीच बुडालेल्या माणसाला थॉथसारखी भेट नाही. नवख्याला मी देणार नाही.

नव्या डेकांचा तर पूर आलाय. त्यांना एकच प्रश्न विचारा: मायनरमध्ये प्रसंग आहेत का? लिसा स्टर्लचा मॉडर्न विच टॅरो स्मिथच्याच चित्रांवर चालतो, फक्त माणसं आजच्या कपड्यांतली आणि बहुतेक बायका. तो पहिला डेक म्हणून बिनधास्त द्या. किम क्रान्सचा वाइल्ड अननोन शाईच्या रेषांचा, प्राण्यापक्ष्यांचा, फार सुंदर. पण त्यात माणसं नाहीत आणि दरबारात राजा-राणीऐवजी आई, वडील, मुलगा, मुलगी आहेत. पक्षी बघायला पहाटे उठून जाणाऱ्या जोडीदारासाठी मी तो नियम मोडून घेईन.

नकली मालाचं थोडं. स्मिथच्या मूळ चित्रांवरचा हक्क भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपला, त्यामुळे रायडर-वेटच्या स्वस्त छपाया निघतात त्यात गैर काही नाही, कागद बरा असला म्हणजे झालं. नव्या डेकचे चित्रकार मात्र हयात आहेत, आणि त्यांच्याच कामाच्या चोरट्या प्रती सर्रास विकल्या जातात. किंमत अविश्वसनीय कमी, पुस्तिकेच्या जागी क्यूआर कोड, पत्ते मूळ आकाराहून लहान, असं काही दिसलं तर तो डेक सोडून द्या.

आकाराचंही बघा. नेहमीचा टॅरो पत्ता साधारण ७ बाय १२ सेंटिमीटर, म्हणजे रमीच्या पत्त्यापेक्षा चांगलाच मोठा, आणि त्यात ७८ चा गठ्ठा. हात लहान असतील तर पिसताना अर्धे जमिनीवर. पॉकेट आवृत्ती मिळते, पण त्यात चित्राचे बारकावे जातात. आमच्याकडे मोठाच आहे. बायको पत्ते पिसत नाही, चटईवर पसरून दोन्ही हातांनी कालवते.

एवढं करूनही ठरत नसेल, तर जोडीदाराच्या फोनवर तीन डेकमधले पाच पेले पाठवा आणि "यातलं कुठलं चित्र बरं वाटतं?" एवढंच विचारा, टॅरोचं नाव न काढता. माझ्या मेहुण्याने हेच केलं. दोन मिनिटांत त्याच्या बायकोचं उत्तर आलं: "दुसरं. आणि वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, या नाही."